लाड आणि सोय

रविवारी सकाळी आमच्याकडे पोहे, इंदुरात राहून दुसरं काय होणार. वाफेवरचे पिवळे पोहे, वर शेव, बारीक कांदा, जीरावन मसाला आणि सासूबाईंचा आग्रह म्हणून डाळिंबाचे दाणे. माझा पुतण्या, वय ९, त्या डिशसमोर बसतो आणि पहिली दहा मिनिटं खातच नाही. चमच्याच्या टोकानं एकेक दाणा काढून डिशच्या काठावर ओळीत लावतो, एखादा पोह्यांखाली दडला असेल तर तोही शोधतो, आणि सगळे निघाले याची खात्री झाली की मग पहिला घास. तोवर पोहे गार आणि आजी गरम. "मुद्दाम करतो हा, सगळ्यांचं खाऊन होतं, याचंच काहीतरी वेगळं" हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा बोललं गेलंय की भिंतींना पाठ झालं असेल.

एका रविवारी मी सहज विचारलं, दाणे आवडत नाहीत का रे? तर म्हणाला, "आवडतात ना काकू. नुसते द्या." मग पोह्यात का नको? यावर बराच वेळ विचार केला आणि माझ्याकडे न बघता बोलला, "पोहे मऊ असतात. मग मधेच फुटतं."

मधेच फुटतं. जिना संपला समजून पाय टाकावा आणि अजून एक पायरी निघावी तेव्हा जसं सगळं अंग दचकतं ना, तसं त्याला घासाघासाला होत होतं, आणि आम्ही त्याला हट्टी म्हणत होतो. आता आमच्याकडे दाण्यांची वेगळी वाटी असते, खर्च शून्य रुपये, कष्ट म्हणजे एक जास्तीची वाटी विसळणे. ही वाटी म्हणजे लाड की सोय यावर घरात जे रामायण झालं त्यातून हे लिहायचं सुचलं, कारण न्यूरोडायव्हर्सिटी हा भारदस्त शब्द आजकाल सगळीकडे दिसतो आणि तो ऐकला की लोकांना एकतर काहीतरी परदेशी फॅड वाटतं नाहीतर थेट आजार वाटतो.

तर आधी शब्दच बघू. न्यूरो म्हणजे मेंदू-मज्जासंस्थेचं, डायव्हर्सिटी म्हणजे वैविध्य. जंगलात कसं जैववैविध्य असतं तसं माणसांच्या मेंदूंतही असतं, इतकीच मूळ कल्पना. ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर या समाजशास्त्राच्या अभ्यासक बाईंनी १९९८ मध्ये आपल्या प्रबंधात हा शब्द वापरला आणि तो त्यांच्या नावावर जमा झाला, पण ऑटिस्टिक लोकांच्या आपसातल्या चर्चांमध्ये ही कल्पना त्याच्याही आधीपासून आकार घेत होती. मला समजावायला सोपं जातं ते मात्र आपल्या माळव्याचंच उदाहरण. शरबती गव्हाची पोळी मऊसूत होते, आणि बाफल्यांना, लाडूंच्या रव्याला कठिया गहू लागतो. कठिया म्हणजे बिघडलेला शरबती असं कोणी म्हणतं का? नाही ना. पण समजा सगळ्या गावाला फक्त पोळ्याच लाटायच्या असतील तर कठियाला नावं ठेवली जाणारच, आणि आपल्या शाळा, ऑफिसं, लग्नाचे हॉल हे सगळं साधारण पोळीवाल्या गव्हासाठी बांधलेलं आहे, हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं सोपं.

या छत्रीखाली माणसांशी संवाद आणि संवेदना वेगळ्या घडणीच्या असणं म्हणजे ऑटिझम, लक्ष आणि आवर आपल्या ताब्यात नसणं म्हणजे एडीएचडी, वाचण्या-लिहिण्याची अडचण म्हणजे डिस्लेक्सिया, गणिताची अडचण म्हणजे डिसकॅल्क्युलिया, हालचालींचा मेळ न बसणं म्हणजे डिस्प्रॅक्सिया, अंगाला आपोआप झटके येणं किंवा तोंडून आवाज निघणं म्हणजे टूरेट वगैरे येतात. ज्याचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या पद्धतीनं चालतो तो न्यूरोडायव्हर्जंट, बाकीचे न्यूरोटिपिकल, आणि वैविध्य हे सगळ्यांचं मिळून असतं, एकट्या माणसाचं नाही.

सासूबाईंचं यावर ठरलेलं, "आमच्या वेळी नव्हतं बाई असलं काही." होतं की हो आई, फक्त निदान नव्हतं, विशेषणं होती. धांदरट, वेंधळा, घुम्या, एककल्ली, तऱ्हेवाईक, चळवळ्या, विसरभोळा, तंद्रीत राहणारा, दगड. मराठीत यांची काही टंचाई नाही. प्रत्येक खानदानात एक मामा असा होताच जो लग्नात मांडवात न बसता मागे आचाऱ्याशी भांड्यांची मापं बोलत उभा राहायचा. विशेषणाचा त्रास हा की ते स्वभावाला चिकटतं, आणि स्वभाव म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं, मनात आणलं तर सुधारेल.

ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात, आणि मला हा शब्द जरा खटकतो. १९११ मध्ये ऑयगेन ब्लॉयलर या स्विस मानसोपचारतज्ज्ञानं ग्रीकमधल्या ऑटोस म्हणजे 'स्वतः' या शब्दावरून ऑटिझम हा शब्द केला, तोही स्किझोफ्रेनियाबद्दल बोलताना, आपण त्याचं सरळ मराठी केलं. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर आणि १९४४ मध्ये व्हिएन्नात हान्स अॅस्परगर यांनी अशा मुलांची वर्णनं लिहिली, म्हणून त्यांची नावं सगळ्यांना माहीत, पण त्यांच्या जवळजवळ वीस वर्षं आधी ग्रून्या सुखारेवा या सोव्हिएत डॉक्टरीणबाईंनी अशाच मुलांबद्दल बारकाईनं लिहून ठेवलं होतं आणि त्यांचं नाव मागे पडलं (बाईंचं नाव मागे पडणं यात नवीन काय म्हणा). आमचा पुतण्या ऑटिस्टिक आहे, पण स्वतःत मग्न वगैरे काही नसतो. तो खोलीत आल्या आल्या त्याला ट्यूबलाइटची घरघर ऐकू येते, मागच्या वेळी पडदा वेगळा होता ते दिसतं, आजीनं हिंग बदलला ते वासावरून कळतं. उलट बाहेरचं जरा जास्तच आत येतं.

इथे थोडं थांबते कारण हे कळलं की बाकीचं अर्धं कळतं. तुम्ही पंखा लावून बसलात की दोन मिनिटांत पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. आवाज चालूच असतो, मेंदू ठरवतो की याची आता गरज नाही आणि तो मागे टाकतो. कपड्याचा टॅग, घड्याळाची टिकटिक, शेजारची कुकरची शिट्टी, सगळं असंच मागे जातं. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांमध्ये हे मागे टाकणं कमी होतं किंवा होतच नाही, मग दोन तासांनीही टॅग तितकाच टोचतो. काहींचं उलटं असतं, थंडी-भूक-दुखणं उशिरा जाणवतं. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या निदानाच्या नियमावलीची पाचवी आवृत्ती आली तेव्हा कुठे या संवेदनांच्या गोष्टी निकषांत आल्या, आणि अॅस्परगर सिंड्रोम हे वेगळं निदान काढून सगळं एकाच स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे एकाच पट्ट्यात, घेतलं.

आता रंगपंचमीची आमची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, आठवा. राजवाड्यापाशी टँकर, मोटारीनं उडवलेलं पाणी तिसऱ्या-चौथ्या मजल्यापर्यंत, गुलालाचे ढग, डीजेचे ट्रक, आणि माणसं इतकी की पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. पुतण्या ५ वर्षांचा असताना दीर त्याला खांद्यावर घेऊन गेले, हौसेनं, त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. वीस मिनिटांत पोरगं जे किंचाळायला लागलं, स्वतःच्या कानांवर बुक्क्या मारायला लागलं, बाजूचे म्हणाले भिया इसको आइसक्रीम दिला दो चुप हो जाएगा. आइसक्रीम आणलं, ते फेकलं. फरक इथेच ओळखायचा. हट्टाचं रडणं असतं त्याला काहीतरी हवं असतं आणि ते मिळालं की थांबतं, अधूनमधून कोण बघतंय याच्यावर एक डोळा असतो. मेल्टडाऊनमध्ये काही मागणंच नसतं, फ्यूज उडालेला असतो, बक्षीस, धमकी, समजावणं यातलं काही पोचत नाही. तिथून बाहेर काढायचं, आवाज-उजेड कमी करायचा, कमी बोलायचं, वाट बघायची, एवढंच. रागावलो तर आपण वरून अजून एक आवाज वाढवतो.

आणि नजरेला नजर न देणं. शाळेत, इंटरव्ह्यूत, पाहुण्यांत, सगळीकडे याचाच राग. २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या ब्रिटिश संशोधकानं, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, एक साधा प्रश्न विचारला की ऑटिस्टिक माणसाला बाकीच्यांचं मन कळत नाही म्हणता, पण बाकीच्यांना तरी त्याचं कुठे कळतं? ही अडचण दोन्हीकडची आहे, एकट्याची नाही. मग २०२० मध्ये एडिनबरोत कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी आपण लहानपणी कानगोष्टी खेळायचो ना तसला प्रयोग केला. आठ-आठ जणांच्या साखळ्या, एकानं दुसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट जितकी टिकली तितकीच सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत टिकली. घसरली ती मिश्र साखळीत. म्हणजे बोलता येत नाही असं नव्हतंच, इंदुरी माणूस आणि कोल्हापुरी माणूस दोघंही मराठीच बोलतात तरी एकमेकांना उद्धट वाटतात, साधारण तसं.

माझ्या जाऊबाईंनी या सगळ्यात जे ऐकून घेतलं ते वेगळं लिहायला हवं पण थोडक्यात सांगते. नोकरी करते म्हणून झालं, मोबाईल दिला म्हणून झालं, गरोदरपणात रडायची म्हणून झालं. आईला धरायची ही खोड फक्त आपल्याकडची नाही, १९५०-६०च्या दशकात अमेरिकेतले मोठे मोठे तज्ज्ञ, ब्रुनो बेटेलहाइम त्यातले पुढारी, ऑटिझमचं कारण आईचा थंडपणा असं खुशाल सांगायचे, फ्रिजसारख्या आया म्हणायचे त्यांना. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड यांनी, जे स्वतः अशा मुलाचे वडील आणि मानसशास्त्रज्ञ होते, पुस्तक लिहून हे खोडून काढलं. लसीमुळे ऑटिझम होतो ही दुसरी अफवा, १९९८ च्या एका निबंधावरून निघाली, त्यात मुलं होती फक्त १२, आणि २०१० मध्ये तो निबंध त्या नियतकालिकानं मागे घेतला, तरी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर तो अजून फिरतोच. प्रत्यक्षात आनुवंशिकतेचा वाटा मोठा, जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत ऑटिझम आणि एडीएचडी दोन्हींसाठी तो ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास येतो. स्टेम सेलची इंजेक्शनं विकणारेही भेटतील, लाखात पैसे घेतात, ऑटिझमवरचा तो मान्य उपचार नाही, घर गहाण टाकू नका एवढंच हात जोडून सांगणं.

अजून एक, हे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेरच्या घरांसाठी. घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि पोरगं उशिरा बोलायला लागलं की कोणीतरी सांगतंच की मराठी बंद करा, एकच भाषा ठेवा. आम्हालाही सांगितलं होतं. सासूबाई आठवडाभर त्याच्याशी हिंदी बोलायचा प्रयत्न करत होत्या, "बेटा दूध पी घे" असं काहीतरी भयानक. दोन भाषांत वाढणारी ऑटिस्टिक मुलं त्यामुळे बोलण्यात मागे पडतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही. आणि आजी ज्या भाषेत माया करते ती भाषा काढून घेतली तर उरतं काय.

आता माझं. पुतण्या ४ वर्षांचा असताना डॉक्टरांनी भलीमोठी प्रश्नावली दिली, त्यात एडीएचडीचंही एक पान होतं, कारण दोन्ही एकाच माणसात असू शकतं (२०१३ च्या आधी तर दोन्ही निदानं एकत्र करायचीच नाहीत असा नियम होता). जाऊबाई प्रश्न वाचत होत्या, वस्तू हरवतो का, ऐकता ऐकता लक्ष जातं का, सुरू केलेलं काम अर्ध्यावर सोडतो का, आणि मी शेजारी बसून नको तिथे हो हो करत होते. त्या म्हणाल्या, "अहो ताई, हे त्याचं पान आहे." मी म्हटलं, नाही गं, हे माझं आहे. खरोखर होतं. पुढे दीड वर्षानं, म्हणजे ४१ व्या वर्षी, कागदावर आलं. दीड वर्ष का लागलं? कारण अपॉइंटमेंट घ्यायची राहून जायची.

एडीएचडी या नावातच गोंधळ आहे, त्यातल्या 'अटेन्शन डेफिसिट'मुळे लक्ष कमी असतं असं वाटतं. लक्ष भरपूर असतं हो, नळ आपल्या हातात नसतो. मी अकाउंट्समध्ये आहे. एखादा ताळेबंद जुळत नसेल, ४१२ रुपयांचा फरक कुठे गेला हे शोधायचं असेल तर मी जेवण विसरून चार तास बसू शकते, आणि त्याच दिवशी वीजबिल भरायला, जे फोनवर दोन मिनिटांचं काम आहे, मला तीन आठवडे लागतात आणि दंड बसतो. मेंदूत डोपामिन आणि नॉरअॅड्रेनॅलिन नावाची रसायनं आहेत, कोणतं काम 'आता करण्यासारखं' वाटावं ते ठरवण्यात त्यांचा मोठा हात असतो, आणि आमच्यात ती व्यवस्था महत्त्वाचं काय यावर कमी आणि रंजक किंवा डोक्यावर आलेलं काय यावर जास्त चालते. म्हणून २० तारखेची जीएसटी मी १९ च्या रात्री अप्रतिम भरते. १० तारखेला तीच फाइल उघडून मी भिंतीकडे बघत बसलेली असते, आणि बाहेरून ते दिसतं आळसासारखं, आतून मात्र ब्रेक लागलेल्या गाडीचा अॅक्सिलरेटर दाबतोय असं वाटतं. दुधाचं तर विचारूच नका. वीस वर्षांच्या संसारात जितकं दूध उतू घालवलंय तितक्यात एखादा सराफ्यातला रबडीवाला सुखानं जगला असता.

जगभरचे अभ्यास एकत्र केले तर मुलांत साधारण ६ टक्के आणि मोठ्यांत अडीच टक्के लोकांना एडीएचडी असतो. मुलींचं सुटतं, कारण आपल्या डोक्यात एडीएचडी म्हणजे बाकावरून उड्या मारणारा मुलगा, आणि खिडकीबाहेर बघत शांत बसलेली मुलगी कोणाला त्रास देत नाही. त्यात मुलींना लहानपणापासून सांभाळून घ्यायची सवय लावतात, मग त्या झाकायला शिकतात, याला मास्किंग म्हणतात. दिवसभर झाकून घरी आल्यावर जो जीव जातो त्याचा हिशोब कुठेच लागत नाही. औषधं आहेत, मेथिलफेनिडेट त्यातलं जुनं, मानसोपचारतज्ज्ञ देतात, सगळ्यांना लागतात असं नाही, सगळ्यांना चालतात असंही नाही. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सासूबाईंच्या मटारांचा. शेजारी कोणी नुसतं बसलेलं असलं, आपलं आपलं काम करत, तरी माझं काम पुढे सरकतं, याला बॉडी डबलिंग म्हणतात हे मला नंतर कळलं. त्या मटार सोलत बसतात, मी फायली संपवते. त्यांना वाटतं मी त्यांना सोबत देते. मी दुरुस्त केलेलं नाही.

डिस्लेक्सियाबद्दल एकच सांगते, माझ्या माहेरच्या काकांचं. ते इथल्या कापड मिलमध्ये मेकॅनिक होते, १९९१ मध्ये हुकुमचंद मिल बंद पडली तो काळ आठवत असेल इंदूरकरांना. काका लूमचा आवाज ऐकून सांगायचे कुठलं बेअरिंग गेलंय, पण बँकेची स्लिप भरायची तर चष्मा विसरल्याचं नाटक करायचे. चष्मा खिशातच असायचा. डिस्लेक्सियात डोळ्यांचा दोष नसतो, बुद्धीचा तर नाहीच, कानावर पडलेल्या शब्दाचे आवाज सुटे करून अक्षरांशी जोडण्याचं काम मेंदूला जड जातं. इंग्रजीत हे लवकर उघडं पडतं कारण स्पेलिंगचा आणि उच्चाराचा काही धरबंध नाही. देवनागरीत अक्षर आणि उच्चार एकमेकांना धरून असतात म्हणून मूल रेटून नेतं, हळू वाचतं, आणि अडकतं ते जोडाक्षरांत आणि वेलांट्यांत. जरा विचार करा, 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि बोलताना नंतर. त्यात आपल्या पोरांना हिंदीच्या तासाला 'कवि' ऱ्हस्व आणि मराठीत 'कवी' दीर्घ. ज्याला मुळातच अवघड जातंय त्याच्यासाठी ही तर खास इंदुरी शिक्षा.

आता लाड आणि सोय. आमच्याकडे श्रावणात पंगत असते, जमिनीवर पाट मांडून. गेली काही वर्षं सासूबाईंच्या भावांसाठी, म्हणजे मामांसाठी, टेबल-खुर्ची लावतात कारण त्यांचे गुडघे गेलेत. कोणी म्हणालं का की मामा मुद्दाम करतात, मनात आणलं तर बसतील, त्यांना खुर्ची दिली तर बाकीचेही मागतील? मामांना जेवण तेच, वाढणं तेच, फक्त बसायची जागा वेगळी. याला सोय म्हणतात. मामांना दोन श्रीखंडं जास्त वाढली तर तो लाड. गुडघा दिसतो म्हणून कळतं आणि मेंदू दिसत नाही म्हणून आपण संशय घेतो, एवढाच घोळ आहे.

ऑफिसात हे अजून स्पष्ट दिसतं. आमच्या सियागंजातल्या ऑफिसात एक मुलगा आहे, स्टॉक बघतो. त्याला काय आहे, आहे की नाही, हे मला माहीत नाही आणि ते ठरवणं माझं कामही नाही, निदान डॉक्टरांनी करायचं असतं, दोन रील बघितलेल्या सहकाऱ्यांनी नाही. साहेब त्याला म्हणाले, "ये फाइल जरा देख लेना." त्यानं फाइल उघडली, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बघितली, आणि परत ठेवली. दोन दिवसांनी आरडाओरडा, काम का नाही झालं. तो प्रामाणिकपणे म्हणाला, देख ली थी सर. सगळे हसले, तो लाल झाला. मला आठवलं आमचं ऑफिस अशाच अर्धवट बोलण्यावर चालतं, जरा बघून घे, जमलं तर आज, बाकी तुला माहीतच आहे. त्याला काही माहीत नसतं, सांगितलेलंच नसतं तर माहीत कसं होणार.

मग मी एक वही सुरू केली, त्याच्यासाठी म्हणून नाही, सगळ्यांसाठी. कोण, काय करायचं, गुरुवारी चार वाजेपर्यंत, झालं म्हणजे नेमकं काय झालं. खरं सांगायचं तर वही मला स्वतःला जास्त हवी होती. चुका सगळ्यांच्याच कमी झाल्या, आणि साहेबांच्याही लक्षात आलं की निम्म्या वेळा त्यांनाच माहीत नसतं त्यांना काय हवंय. त्याचं टेबल दाराजवळून हलवून कोपऱ्यात नेलं, हेडफोन लावायची मुभा दिली, वाढदिवसाच्या केकला सक्ती नाही. एकूण खर्च एका वहीचा. केकचं मात्र अजून काहींना खुपतं.

इंटरव्ह्यूचं तर मूळच गडबड आहे. २०१७ मध्ये नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑटिस्टिक माणसांचा काही सेकंदांचा व्हिडिओ बघून लोकांचं मत पटकन वाईट होतं, पण त्यांचं तेच बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं तर तो फरक राहत नाही. काय बोलला यावर नाही, कसा बसला यावर आपण माणूस नाकारतो. डेन्मार्कमध्ये स्पेशलिस्टर्ने नावाची कंपनी २००४ मध्ये एका ऑटिस्टिक मुलाच्या वडिलांनी काढली, त्यांनी उमेदवारांना प्रश्न विचारण्याऐवजी लेगोचे रोबो बनवायला दिले. जर्मनीच्या सॅप या सॉफ्टवेअर कंपनीनं २०१३ पासून ऑटिस्टिक लोकांना नोकरीत घ्यायचा वेगळा कार्यक्रम चालवलाय. आपल्याला लेगो नको, प्रश्न आदल्या दिवशी पाठवले आणि कामच करून दाखवायला सांगितलं तरी बरंच होईल.

कागदपत्रांचं, कारण मी अकाउंट्सवाली आहे आणि हे कोणी नीट सांगत नाही. २०१६ च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यात अपंगत्वाचे ७ चे २१ प्रकार झाले, त्यात ऑटिझम आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया वगैरे, आहेत. एडीएचडी त्या यादीत वेगळा नाही. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर बहुतेक सवलती लागू, युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. सरकारी नोकरीत ४ टक्के आरक्षण आहे, त्यातला १ टक्का ऑटिझम, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार वगैरे गटासाठी. खासगी आस्थापनांनाही समान संधीचं धोरण करून ते जाहीर करावं लागतं, तुमच्या एचआरला विचारून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात. सीबीएसईत अशा मुलांना परीक्षेत तासाला २० मिनिटं जास्त आणि लेखनिकही मिळतो, पण अर्ज वेळेत करावा लागतो, पेपरच्या आदल्या आठवड्यात नाही. ऑटिझमसाठी केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंत. आणि जुन्या कर पद्धतीत राहिलात तर अपंग अवलंबितासाठी वर्षाला ७५ हजार, तीव्र असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते, आमच्या दिरांनी तीन वर्षं घेतलीच नव्हती, घरात अकाउंटंट असून, मी सुचवायला विसरले होते.

एक गोष्ट मला आवडत नाही ती म्हणजे हे सगळं सुपरपॉवर आहे वगैरे सांगणं. मोठमोठ्या शास्त्रज्ञांची नावं लावायची आणि म्हणायचं बघा तुमचंही मूल असंच होईल. पुतण्याला गाड्यांचे नंबर पाठ असतात, छान आहे, पण तसे नसते तरी त्याला त्याची वाटी मिळालीच पाहिजे ना. आणि ज्या घरात २५ वर्षांचा मुलगा बोलत नाही, रात्री झोपत नाही, त्याला आंघोळ घालायला दोन माणसं लागतात, त्या आईला जाऊन हे फक्त वैविध्य आहे असं सांगायची माझी तरी हिंमत नाही. तिथे माणसं लागतात, पैसा लागतो, आपल्यामागे याचं कोण करेल याचं उत्तर लागतं. न बोलणाऱ्या मुलालाही सांगायचं खूप असतं, चित्रांचे तक्ते किंवा टॅबलेट दिला तर काही जण सांगतातही, आणि ते दिल्यानं तोंडानं बोलणं मागे पडतं ही भीती खोटी आहे. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी यांना जा, जरूर जा, मात्र थेरपीचं ध्येय मूल चारचौघांसारखं दिसावं हे आहे की त्याचा दिवस सोपा जावा हे आहे, एवढं पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

यंदा अनंत चतुर्दशीला पुतण्यानं स्वतःहून सांगितलं की झांकी, म्हणजे मिरवणुकीतले दिव्यांचे देखावे, बघायची. मिलच्या झांक्या, रात्रभर चालतात, इंदूरकरांना सांगायला नको. दिवे त्याला प्रचंड आवडतात, बँडचा आवाज नाही. ओळखीच्यांच्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत जागा धरली, कानाला ते कारखान्यात लावतात तसले मोठे आवाज अडवणारे मफ, आधी फोटो दाखवून काय काय येणार ते सांगून ठेवलं, आणि नको झालं तर आतल्या खोलीत जायचं हे ठरलेलं. दोनदा आत गेला, दोनदा बाहेर आला, साडेअकरापर्यंत थांबला. हलत्या झांकीत कुठलं चाक कुठल्या दोरीवर चाललंय ते आम्हाला सांगत होता, माझे काका असते तर दोघांची जमली असती.

दुसऱ्या दिवशी सासूबाई ते मफ हातात घेऊन उलटसुलट बघत होत्या. म्हटलं काय झालं. तर म्हणे, "हे कितीला मिळतं गं? आमच्या भजनी मंडळात ती ढोलकीवाली नेमकी माझ्या कानाशी बसते."